संकासुराचा 'र'



चिटणिसांनी व्याख्यानाचे आमंत्रण दिले तेव्हा डॉक्टर मधुमेहावर बोलतील, फार तर होमिओपॅथीवर, अशी त्यांची अपेक्षा होती. डिचोलीत अडतीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोणी का करावी? मी म्हटले, मला संकेतस्थळांविषयी बोलायचे आहे. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, आपल्या श्रोत्यांत साठीच्या खालचे फारसे कोणी नसते हो." मी म्हणालो, म्हणूनच.

विषय एका अक्षरापासून सुरू होतो. २०१२ साली आम्ही पंधरा-वीस जणांनी आमच्या हौशी मंडळाचे एक संकेतस्थळ काढले. हेतू साधा होता. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या माहितीगार माणसांनी आपापल्या गावाविषयी लिहावे आणि ते एका ठिकाणी राहावे. नार्वे, हरवळे, साखळी, कुडणे अशा गावांवर लेख आले. कुडण्याच्या गुजिराच्या देवळाच्या अवशेषांवर मीच लिहिले. घरात जैन परंपरा असल्यामुळे ते पडके दगड मला लहानपणापासून ओढ लावत आले आहेत. एका सभासदाचा भाचा अभियांत्रिकीला होता. त्याने एका रविवारी बसून संकेतस्थळ उभे करून दिले, तेही फुकट. मला नवल वाटले. मी विचारले, "अरे, याचे पैसे कोणाला द्यायचे?" तो म्हणाला, "काका, जागेचे आणि नावाचे वर्षाला थोडे भाडे द्यावे लागेल. आत जी प्रणाली आहे ती कोणाच्याच बापाची नाही."

त्या प्रणालीचे नाव वर्डप्रेस. २७ मे २००३ रोजी तिची पहिली आवृत्ती आली. ती करणारे दोघे होते. एक अमेरिकेतला मॅट मलनवेग, तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा, आणि दुसरा इंग्लंडमधला माइक लिटल. त्यांनीही शून्यापासून सुरुवात केली नव्हती. दुसऱ्या एकाने केलेली आणि सोडून दिलेली प्रणाली त्यांनी पुढे नेली. तसे करण्याची मुभा परवान्यातच होती. कोणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी, वाटावी. अट एवढीच की बदललेली वस्तूही त्याच अटींवर पुढे द्यावी. याला मुक्तस्रोत म्हणतात. आज जगातल्या संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्थळे या एका प्रणालीवर चालतात. तिच्या भावंडांपैकी एक ड्रुपल आणि दुसरे जूमला. जूमला हे नाव स्वाहिली भाषेतल्या 'सगळे मिळून' अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे. आपल्याकडे जुमला म्हटले की लोक हसतात, तो भाग वेगळा.

आता ते अक्षर. पेडणे तालुक्यातले एक निवृत्त मराठी शिक्षक आमच्यासाठी दशावतारावर लिहीत. नाव सांगत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही; आपण त्यांना मास्तर म्हणू. काल्याच्या रात्री रंगपटात बसून त्यांनी चाळीस वर्षे टिपणे केली होती. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते दोन बोटांनी टंकायला शिकले. त्यांच्या पहिल्या लेखाचे शीर्षक होते 'दशावतारी नाटकातील संकासूर'. लेख प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात फोन. "डॉक्टर, संकासुराचा र गेला!"

मला वाटले मास्तरांना भ्रम झाला. पाहतो तर लेखाचे शीर्षक नीट होते, पण वर पट्टीत लेखाचा जो पत्ता दिसतो, त्यात 'दशावतारी-नाटकातील-संकासू' एवढेच. वेद चोरणाऱ्याचेच अक्षर चोरीला गेले, असे म्हणून आम्ही हसलो. मास्तर मात्र हसले नाहीत. जन्मभर मुलांच्या वहीत ऱ्हस्वदीर्घ तपासलेला माणूस. आपल्या नावाने निघालेल्या लेखाच्या पत्त्यात असा लुळा शब्द त्यांना सोसवेना. भाच्याला विचारले तर तो म्हणाला, "काका, होते असे कधी कधी." माझ्या व्यवसायात हे उत्तर चालत नाही. 'होते असे कधी कधी' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट पुन्हा येत नाही.

खरे कारण मला फार पुढे कळले, पण आत्ताच सांगून टाकतो, कारण ते गमतीचे आहे आणि थोडे दुखणारेही. इंटरनेटवरच्या पत्त्यांचे मूळ नियम रोमन अक्षरांपुरते झाले. देवनागरी चिन्ह पत्त्यात घालायचे तर त्याची तीन तुकड्यांत फोड करतात, आणि प्रत्येक तुकडा टक्क्याच्या खुणेसह तीन रोमन चिन्हांनी लिहितात. म्हणजे एका 'क'ला नऊ जागा. वर काना दिलात की आणखी नऊ. वर्डप्रेस पत्त्याच्या त्या भागाला दोनशे जागा देते. इंग्रजी शीर्षकाला त्या पुरून उरतात. मास्तरांच्या शीर्षकात काना-मात्रा-अनुस्वार धरून तेवीस चिन्हे होती. तेवीस नवे दोनशे सात, आणि शब्दांमधल्या दोन आडव्या रेघा मिळून दोनशे नऊ. शेवटचा 'र' बसेना, तो गळाला; उरलेले बरोबर दोनशे भरले. कोणाचा दुष्टावा नाही, शुद्ध हिशोब आहे. पण हा हिशोब ज्यांनी ठरवला त्यांच्यात देवनागरीत शीर्षक देणारे बहुधा कोणी नव्हते, किंवा असले तर बोलले नाहीत.

याच भूमीत १५५६ साली हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला हे आपण अभिमानाने सांगतो. फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली इथेच छापले गेले, पण रोमन लिपीत. यंत्र होते, भाषा होती, तिच्या अक्षरांचे खिळे नव्हते. चारशे वर्षांनी आमच्या मास्तरांना त्यातली एक नऊ जागांची उधारी भरावी लागली, असे मला वाटून गेले.

तरी मास्तर लिहीत राहिले. पाच-सहा वर्षांत त्यांचे एकवीस लेख झाले. रात्रीचे नाटक सुरू होण्याआधीचा आड दशावतार, रंगभूषेतले रंग, पखवाज, झांज, पायपेटी, एका रात्रीत दोन गावे करणाऱ्या मंडळींचे हाल. मग डिसेंबर २०१८ उजाडला.

६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली आणि तिच्यात लिहिण्याची जागाच बदलली. पूर्वी समोर एक कोरा कागद असे, वर चार बटणे. आता प्रत्येक परिच्छेद म्हणजे एक ठोकळा, चित्राचा वेगळा, शीर्षकाचा वेगळा. ठोकळे वर-खाली हलवायचे, प्रत्येकाचा स्वतःचा मेनू. या नव्या रचनेला नाव दिले होते गुटेनबर्ग, छपाईच्या जनकाचे. ज्यांना पानाची मांडणी हौसेने करायची असते त्यांना ही सोय मोठी आहे, आणि आता मीही सवयीने तीच वापरतो. पण मास्तरांना फक्त लिहायचे होते. ते म्हणाले, "डॉक्टर, कागद कुठे गेला? ओळ संपवून खाली आलो की नवी पेटी उघडते. मी लिहू की पेट्या मोजू?"

भाचा तोवर नोकरीसाठी परदेशी गेला होता. आम्ही काय केले? दर महिन्याच्या बैठकीत चहा घेताना कुरकुर केली. 'या लोकांना आमच्यासारख्यांची पर्वा नाही' हे वाक्य मीच निदान दहा वेळा म्हटले असेन. मास्तरांनी दोनदा प्रयत्न केला, मग म्हणाले वहीत लिहितो, कोणीतरी टंका. आम्ही हो म्हटले. आपण सगळे हो म्हणतो. २०२०च्या श्रावणात मास्तर गेले. सुनेने वही आणून दिली. तिच्यात सात लेख पूर्ण होते आणि आठवा अर्धा.

महासाथ ओसरल्यावर घाटावरच्या एका शहरात वर्डप्रेसवाल्यांचा मेळावा होता. माझी पुतणी त्या क्षेत्रात काम करते. ती म्हणाली, "काका, घरी बसून तक्रार करण्यापेक्षा चला." या मेळाव्यांना वर्डकॅम्प म्हणतात. पहिला सॅन फ्रान्सिस्कोला २००६ साली झाला. आपल्या बाजूला मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे झालेले आहेत. ड्रुपलवाल्यांचे आशियाई संमेलन फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.त भरले होते. वर्डकॅम्पचे तिकीट मुद्दाम कमी ठेवतात, आणि वक्ते व आयोजक मानधन घेत नाहीत. खर्चाचा मोठा भाग कंपन्या उचलतात, त्या बदल्यात त्यांची मेजे मांडलेली असतात. सगळीकडे वापू नावाच्या एका गुबगुबीत पिवळ्या प्राण्याची चित्रे. हे बाहुले जपानमधून आले आणि जो तो त्याला आपल्या गावाचा पोशाख चढवतो. शेकडो तरुण, एकसारखे सदरे, गळ्यात नावाच्या पट्ट्या. पांढऱ्या केसांचा मी जवळजवळ एकटाच. नोंदणीच्या मेजावरच्या मुलीने मला विचारले, "सर, आपण डेव्हलपर की डिझायनर?" मी म्हणालो, "मी वापरणारा." तिच्या यादीत तो रकाना नव्हता. तिने हसून 'इतर'वर खूण केली.

जेवणाच्या सुटीत एका मुलाला मी मास्तरांची गोष्ट सांगितली. तो ताट हातात धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, "काका, याला तर अर्धे मिनिट लागले असते." त्याने फोनवर दाखवले. जुनी लिहिण्याची जागा परत आणणारे एक छोटे जोडकाम, क्लासिक एडिटर, प्रणाली करणाऱ्यांनीच फुकट उपलब्ध केले होते, तेही बदल होण्याच्या आधीपासून. पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते वापरात आहे. म्हणजे मास्तरांना कागद परत मिळाला असता. बटण दाबायचे फक्त आम्हाला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असलेल्या कोणाला आम्ही दोन वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

ते जेवण मला गेले नाही. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटला मी ओरडतो, इतके दिवस अंगावर का काढलेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिथे हातभार लावण्याचा दिवस असतो. त्या दिवशी भाषणे नसतात. वेगवेगळ्या मेजांभोवती बसून प्रणालीतलेच काम करायचे. कोणी चुका दुरुस्त करतो, कोणी मार्गदर्शिका लिहितो, एका मेजावर मराठी भाषांतर. मी तिथे बसलो. पडद्यावर जे मराठी शब्द दिसतात ते कुठल्या सरकारी समितीने केलेले नसतात, हे मला त्या दिवशी कळले. जे येऊन बसतात ते सुचवतात, आणि ज्यांच्याकडे जबाबदारी आहे ते तपासून मान्य करतात. आमच्या मेजावर पाच जण होते, चार विशीतले. 'सेव्ह'ला जतन करा म्हणावे की साठवा? एकाला 'जतन' फार पुस्तकी वाटत होते. मी म्हटले, आमच्याकडे म्हातारी माणसे कोकमाची सोले साठवतात आणि देवाचे दागिने जतन करतात. लेख यातला कुठला ते ठरवा. मुले वहीत लिहून घेऊ लागली. पुढे 'स्लग' हा शब्द आला. पत्त्यातला तो शीर्षकाचा भाग, जिथून आमचा 'र' गळाला होता, त्याला इंग्रजीत हे नाव आहे. शब्दकोशात पाहिले तर अर्थ बिनशंखाची गोगलगाय! एक मुलगा खरेच तसे लिहायला निघाला होता. छापखान्यात शिशाची ओतीव ओळ असे तिलाही स्लग म्हणत आणि बातमीच्या छोट्या ओळखनावालाही, हे मी वर्तमानपत्रात काम केलेल्या एका मित्राकडून ऐकले होते, म्हणून वाचलो. मग बराच वेळ खल झाला. माझे मत 'पत्तानाम' या बाजूला होते. ते काही कोणाला रुचले नाही.

मित्रहो, आपण प्रमाणभाषा, बोली, पेडण्याची मराठी यांवर वर्षातून चार परिसंवाद घेतो. लाखो लोक रोज वाचतात ते पडद्यावरचे मराठी मात्र कोण ठरवते, तर त्या रविवारी मोकळे असलेले पाच जण. त्यांत एकही मराठीचा शिक्षक नव्हता. मुलांचा यात काडीचा दोष नाही. ती आली होती.

आता या सगळ्यात वापरणाऱ्याने करायचे काय, हे मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. हानेमानच्या ऑर्गनॉनमध्ये केस कशी घ्यावी हे सविस्तर दिले आहे. पेशंटला मधे तोडू नये, त्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, मग विचारावे: केव्हा होते, कशाने वाढते, कशाने कमी होते. होमिओपॅथीची गोळी कोणाला पटो न पटो, केस घेण्याची ही रीत कोणालाही पटावी. पेशंट येतो आणि म्हणतो, 'डॉक्टर, बरे वाटत नाही.' एवढ्यावर औषध देता येत नाही. 'संकेतस्थळ चालत नाही' हे वाक्य अगदी त्याच जातीचे आहे. प्रणाली दुरुस्त करणारा हजारो मैलांवर बसलेला असतो, त्याला तुमची नाडी दिसत नाही. काय करत होतो, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, फोन कुठला, पुन्हा केले तर पुन्हा तसेच होते का, एवढे पाच ओळींत लिहिले की तक्रारीची केस होते. त्या मेजावर मी संकासुराच्या 'र'ची केस अशी लिहून दिली, तेवीस चिन्हांच्या हिशोबासकट. शेजारच्या मुलीने तपासले आणि म्हणाली, "काका, या दोनशेच्या मर्यादेवर आधी नोंदी झालेल्या आहेत." मला वाईट वाटायला हवे होते, पण उलट बरे वाटले. कोणीतरी कुठेतरी, बहुधा आपल्यासारख्याच लिपीवाल्याने, हेच दुखणे सांगितले होते.

सांगून उपयोग होतो का, हा रास्त प्रश्न आहे. नेहमी होत नाही. ठोकळ्यांची नवी रचना येत होती तेव्हा अंधांना आणि कळफलकावरच विसंबणाऱ्यांना ती जड जाईल, असे आतलीच माणसे बजावत होती. सुगम्यतेचे काम पाहणाऱ्या गटाच्या प्रमुख रिआन रीतफेल्ड यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये पद सोडले. तरी आवृत्ती डिसेंबरात आलीच, अमेरिकेतल्या मोठ्या वर्डकॅम्पच्या आदल्या दिवशी. पण गोष्ट तिथे संपली नाही. विद्यापीठांत संकेतस्थळे सांभाळणाऱ्या लोकांच्या डब्ल्यूपीकॅम्पस या गटाने वर्गणी जमवून बाहेरच्या तज्ज्ञांकडून नव्या रचनेची तपासणी करून घेतली आणि मे २०१९ मध्ये अहवाल सर्वांपुढे ठेवला. एकेक दोष नोंदला गेला, त्यावर काम सुरू झाले. उशिरा झाले, ही माझी तक्रार आहे. पण बंद मालकीच्या वस्तूची अशी तपासणी बाहेरच्यांना करू तरी कोण देते?

गावकारीची आठवण इथे कोणालाही होईल. सामायिक जमीन, सामायिक बांध, दर पावसाळ्याआधी दुरुस्ती, आणि बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात. मलाही ती उपमा सुचली होती, पण मी ती अर्धीच मानतो. गावकार जन्माने होतो. इथे जन्माची अट नाही. मात्र भाषेची आणि हुशारीची एक न लिहिलेली अट आहे, ती मी नोंदणीच्या मेजावरच अनुभवली. आणि सामायिक म्हटलेल्या गोष्टीतही कोणाचा तरी शब्द शेवटचा असतो. सप्टेंबर २०२४ पासून मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या कंपनीत जो वाद पेटला, त्यात त्या कंपनीच्या ग्राहकांच्या संकेतस्थळांना काही काळ नेहमीची सुधारणा मिळणे अडले, आणि डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. भांडणाऱ्या दोघांपैकी कोण बरोबर हा माझा प्रांत नाही. आमच्यासारख्या मंडळाने त्यातून एवढेच केले की सगळ्या लेखांची एक प्रत दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवतो आणि एक संच कागदावर छापून कपाटात.

परत आल्यावर आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दवाखान्याच्या माडीवर बसू लागलो. मेळावा म्हणण्याइतके ते मोठे नाही. सहा-सात जण, दोन लॅपटॉप, बटाटेवडे. ज्याची जी अडचण असेल ती तो सांगतो, दुसरा कोणी पाच ओळींत लिहितो. एका बाईंना पडद्यावरची राखाडी अक्षरे दिसत नव्हती. ती गडद केली, माझ्या मोतीबिंदूलाही फायदा झाला. जुन्या दशावताराच्या लेखाचा पत्ता हाताने आखूड करून 'संकासूर' एवढाच ठेवला, आता 'र' जागेवर आहे. जुना पत्ता कोणी उघडला तरी प्रणाली आपोआप नव्यावर आणून सोडते, ही सोय तिच्यात मुळातच आहे.

मास्तरांच्या वहीतले चार लेख टंकून झाले. पाचवा अडला आहे. सोंगाच्या मुकुटाचे वर्णन चालले असताना त्यांनी एक शब्द दोनदा वापरलाय आणि तो आम्हा कोणाला लागत नाही. 'क'ने सुरू होतो, शेवटी 'ळ' आहे, मधले अक्षर शाईने पसरले आहे. सुनेला विचारले, तिलाही सांगता आले नाही. पानाचे छायाचित्र मी फोनवर आणले आहे. पेडण्याकडची जी मंडळी रंगपटात वावरलेली आहेत, त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावे. मी खिडकीपाशी बसलेला असेन.